आपापला पल्ला

एका उभ्या घाटाच्या मध्यावर एक गाव होते, आणि त्या गावाची सुईण राहायची थेट घाटमाथ्यावर. त्यामुळे कुणी बाई अडली की तिला डोलीत बसवून वर न्यावे लागे. बांबूला बांधलेली झोळी, पुढे एक खांदा, मागे एक खांदा. खांदा बाईचा की गड्याचा, हे त्या गावात कुणी पाहत नसे.

रीत मात्र एक होती. दसऱ्याला तरण्या पोरापोरींनी पारावर येऊन आपला पल्ला आपणच सांगायचा. मी अमुक वळणापर्यंत नेईन, एवढे म्हटले की झाले. कुणी हरकत घ्यायची नाही की पारख करायची नाही. एकाचा पल्ला जिथे संपेल, तिथेच बदलीचा माणूस उभा राहायचा.

त्या वर्षी लोहाराचा मुलगा छाती काढून पुढे आला. घण मारून मारून त्याचे दंड टणक झाले होते. "पुढची बाजू माझी, पार माथ्यापर्यंत! बदली नको," तो म्हणाला. आता दिवसभर एका जागी उभा राहणारा माणूस घाट चढणार कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही. खरे सांगायचे तर गावालाही पडला नाही. दंड पाहूनच सगळे खूश!

त्याच्यामागून कुंभाराची काटकुळी मुलगी आली. रोज नदीवरून मातीची भरली पाटी डोक्यावर घेऊन ती चढण चढायची, पण यालाही ताकद लागते हे तिच्या गावीही नव्हते. "मागची बाजू, पहिल्या वळणापर्यंत," ती पुटपुटली. "पुढं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

महिनाभरात लोहाराच्या मुलाची थोरली बहीणच अडली. भर दुपारी डोली निघाली. खांद्यावर बांबू घेतला तेव्हा मुलाला वाटले, हात्तिच्या, एवढेच?

पहिल्या वळणावर कुंभाराच्या मुलीची जागा एका गुराख्याने घेतली. तिचे काम संपले होते, पण बाईला पाणी लागेल म्हणून तांब्या घेऊन ती बरोबर चालत राहिली, आणि कळांचा विसर पडावा म्हणून तिच्याशी गप्पा मारत राहिली.

दुसऱ्या वळणावर लोहाराच्या मुलाच्या मांड्या थरथरू लागल्या. तिसऱ्या वळणावर वाट अरुंद झाली, एका अंगाला खोल दरी, आणि नेमके तिथेच त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय निसटला. कसाबसा सावरला. पण बदली मागायची म्हणजे पारावरची सगळी ऐट मातीत. त्याने दात आवळले आणि आणखी चार पावले रेटली.

झोळीतून कण्हत बहिणीने विचारले, "बाळा, पाय घसरला का रे?"

'नाही' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. मग त्याने दरीकडे पाहिले आणि तो शब्द गिळला.

"हो, ताई. माझं सरलं. खांदा बदला!"

पण बदलणार कोण? बदली नको म्हणून त्यानेच तर सांगितले होते. त्याची नजर कुंभाराच्या मुलीवर गेली.

"मी?" ती दचकली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हो."

"अगं, खालपासून तुझं तोंड बंद नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मला एक शब्द बोलायला दम पुरत नाही. धर!"

तिने तांब्या त्याच्या हातात दिला आणि बांबूखाली खांदा घातला. चार पावले भीत भीत टाकली. पाचवे पाऊल रोजच्यासारखे पडले, आणि मग ती थांबली ती सुईणीच्या दारातच.

तासाभरात आतून बाळाचे रडणे ऐकू आले. लोहाराचा मुलगा मटकन अंगणात बसला. त्याला हसू येत होते आणि रडूही. छातीवरचा केवढा तरी दगड उतरला होता. शेजारी कुंभाराची मुलगी आपलाच खांदा चाचपून पाहत होती, जणू कुणा दुसऱ्याचाच आहे.

संध्याकाळी तो आत गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुला वरपर्यंत मी नाही आणू शकलो."

बहिणीने बाळ त्याच्या ओंजळीत ठेवले. "दंडाचा जोर तू रोजच दाखवतोस," ती म्हणाली. "पण आज तू 'सरलं' म्हणालास, म्हणून आम्ही दोघं आहोत."

तात्पर्य: आपली ताकद वाढवून सांगू नये आणि कमीही धरू नये, ती आरशात पाहून नव्हे, चढणीवर चालून कळते, आणि संपली की तसे वेळेवर सांगावे.