वडावरचं टरफल

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या वडाचं राज्य कावळ्यांनी पोपटांच्या हवाली केलं. दुसऱ्याच दिवशी पोपटांच्या राजाने फर्मान काढलं, "जो स्वतःच्या अंड्याचं टरफल दाखवेल, तोच या झाडाचा. बाकीच्यांनी चालतं व्हावं."

वटवाघळीण पिलाला पोटाशी धरून लटकली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, आम्ही अंडी घालतच नाही! माझी आजी याच फांदीवर जन्मली, हे पिल्लूही इथलंच."

"टरफल नाही म्हणजे तू परकी," राजा म्हणाला. "फांदी सोड, नाहीतर फांदीच तोडू."

"झाड कावळ्यांनी दिलं, तुम्ही घेतलंत. आम्हाला कुणी विचारलं?" तिने नख्या आणखी रुतवल्या. "तोड फांदी! तुझी ढोलीही हिच्यातच आहे."