न काढलेला जंपर

एका शहरात शलाका भोईटे नावाची मुलगी इंजिनीअरिंग शिकत होती. हुशार म्हणजे किती, वर्गात तिचा नंबर कधी दुसरा आला नाही. शेवटच्या वर्षाला कॉलेजने तिला सहा महिने एका लिफ्टच्या कंपनीत शिकायला पाठवलं. वर दरमहा पगार! काम चांगलं केलं तर पुढे तिथेच नोकरी. घरच्यांनी लगेच पेढे वाटले.

पण शलाकाची एक खोड होती. 'मला कळलं नाही' एवढे तीन शब्द काही तिच्या तोंडून निघायचे नाहीत. कंपनीतले रेगे सर भराभरा काम सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "कळलं?" कळो न कळो, शलाकाची मान हलायची. 'पगार घेते आणि एवढंही येत नाही!' असं कोणी म्हणालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजवायची.

एका वृद्धाश्रमात कंपनीने नवी लिफ्ट बसवली. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सर घाईघाईत म्हणाले, "शलाका, दारांचा जंपर काढून टाक. तो राहिला तर दार उघडं असतानाही लिफ्ट सुटेल. कळलं?"

"हो सर."

आता जंपर कशाला म्हणतात, हे बाईसाहेबांना कुठे ठाऊक होतं! तिने इकडेतिकडे पाहिलं. तळमजल्याचं दार उघडं राहावं म्हणून कोणीतरी खाली लाकडी पाचर ठोकली होती. हाच असणार जंपर, असं म्हणून तिने पाचर काढून टाकली. मनात पाल चुकचुकली, तरी विचारायला मात्र गेली नाही.

दुपारी मंडळी जमली. फीत कापून झाली. पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसायचा मान आश्रमातल्या सर्वांत वयस्कर सुमतीबाईंना दिला होता. वॉकर धरून आजी एकेक पाऊल टाकत निघाल्या. त्यांच्या स्वागताला काहीजण हार घेऊन वरच्या मजल्यावर थांबले होते.

शलाका मेन स्विचजवळ उभी होती. सरांचं सकाळचं बोलणं तिला आठवलं. पाचरीने दार नुसतं अडतं, ती काढल्या न काढल्याने लिफ्ट सुटेल कशी? म्हणजे खरा जंपर अजून आतच! आत्ता बोलावं, तर चारचौघांत नाचक्की आणि नोकरीवर पाणी. गप्प बसावं, तर समोर आजी. आजींचा वॉकर लिफ्टमध्ये टेकला. एक पाय आत, एक बाहेर.

"आजी, थांबा!" शलाका ओरडली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. लिफ्टमधला दिवा विझला. कोणीतरी आजींना धरून मागे घेतलं.

"अगं, वेडबिड लागलं का तुला?" सर धावत आले.

"सर, जंपर म्हणजे काय ते मला माहीत नाही," शलाका रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी सकाळी खोटंच हो म्हटलं."

सरांनी पॅनेल उघडलं. आत वीतभर वायरचा तुकडा दोन टोकांना जोडलेला होता. चाचणीसाठी तात्पुरता जोडलेला तोच जंपर. दार उघडं आहे हे लिफ्टला कळू न देणारा! सर तो उपटून काढत होते, तेवढ्यात वरून हाक आली, "अहो, मी केव्हाचा बटण दाबतोय! लिफ्ट वर का येत नाही?"

स्विच क्षणभर उशिरा ओढला असता, तर आजींचा एक पाय बाहेर असतानाच लिफ्ट सुटली असती! सरांनी तो वायरचा तुकडा शलाकाच्या हातात ठेवला.

ते म्हणाले, "तुला नोकरीत घ्या, असं आजच मालकांना सांगणार होतो. आता तूच बोल, सांगू का?"

शलाकाने डोळे पुसले. "नको सर. आधी मला शिकवा."

सरांचा आवाज खाली आला. "शिकवतो. मीही तुला नुसतं 'कळलं का' विचारत आलो. काय कळलं, ते कधी विचारलंच नाही. चुकलं माझं."

वर्गातली मुलं साहेब होऊन मिरवू लागली, तेव्हा शलाका शिकाऊच्याच पगारावर होती. वाईट वाटायचं हो तिला, नाही कसं? पण त्या लिफ्टमधून सुमतीबाई रोज खाली येत आणि बागेत बसत.

तात्पर्य: न कळलेलं विचारलं तर घटकाभर आपली मान खाली जाते, कळल्याचं सोंग आणलं तर दुसऱ्याच्या जिवावर बेततं.