ढगाआडचं नख

चीनच्या बादशहाच्या घरात एकदा एका नखावरून भांडण पेटलं.

त्या देशात ड्रॅगन म्हणजे राजवैभवाची खूण, पण त्या ड्रॅगनलाही कायदा होता. ज्याच्या पंजाला पाच नखं, तो फक्त बादशहाच्या अंगरख्यावर. भाऊबंदांनी चार नखांवर समाधान मानायचं. दुसऱ्या कुणी पाच नखांचा अंगरखा चढवलाच, तर अंगरखा जप्त व्हायचा आणि आतल्या माणसाचं मुंडकं उडायचं.

आता बादशहाचा धाकटा भाऊ सुभेदार होऊन उत्तरेच्या सरहद्दीवर निघाला होता. त्याच्यासाठी नवा अंगरखा कशिद्यानं भरायचा होता. राजमाता म्हणाल्या, पाच नखांचाच हवा. दोघांना मी एकाच पोटातून जन्म दिलाय, एकाला पाच नि दुसऱ्याला चार हा दुजाभाव मी माझ्या डोळ्यांनी बघणार नाही. बादशहानं कायदा समजावून सांगितला. राजमातांनी जेवणाचं ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. सारा मुलूख ज्याच्या भुवईकडे बघून चालायचा, तो बादशहा आईच्या दाराशी हात चोळत उभा राहिला. आईला उपाशी ठेवणाऱ्या मुलाला त्या देशात चोराहून वाईट समजत.

शेवटी त्रासून त्यानं हुकूम सोडला. ड्रॅगनला नखं पाच असावीत, म्हणजे आईचं मन राहील. आणि पाच नसावीत, म्हणजे कायदाही राहील. आई किंवा कायदा, कुणाचीही तक्रार आली, तर अंगरखा भरणाऱ्याची मान जाईल.

राजवाड्यातल्या कशिद्याच्या कारखान्यात हुकूम पोचला मात्र, तिथं जणू साथच पसरली. थोरल्या कारागिराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्याचं बोट लचकलं. तिसरा बाप वारल्याचं सांगून गावी निघाला; त्याचा बाप याआधीही एकदा वारला होता. उरली सूयिंग. ही सूचौ गावची विधवा, हाताची सफाईदार आणि जिभेची त्याहून. पण आजार सुचायला तिला जरा उशीर झाला, तेवढ्यात कारखान्यावर देखरेख करणाऱ्या पांग नावाच्या खोजानं कापड ताणलेली चौकट आणून तिच्यापुढे ठेवली.

सूयिंगच्या सुईत दोरा जाईना. शेजारणी एकेक येऊन फारच गोड बोलून जाऊ लागल्या. एकीनं तर, तुझ्या त्या चांगल्या सुया पुढे कुणाला द्यायच्यात, अशी चौकशी केली. त्यावर मात्र सूयिंगला असा राग आला, की भीती कुठल्या कुठे पळाली आणि डोकं चालू लागलं.

तिनं पांगला बोलावलं. नखांवर कायदा आहे, रंगावर आहे, अंगरख्याच्या कडेला भरायच्या लाटांवरसुद्धा आहे. ढगांवर काही आहे का, असं विचारलं. पांग बराच वेळ आठवत बसला. ढगांचं कुणाला सुचलं नसावं, असं त्यानं अखेर कबूल केलं. तेव्हा सूयिंगनं भरपूर निळं-पांढरं रेशीम मागवलं आणि चौकटीभोवती पडदा ओढून घेतला.

अंगरखा तयार झाला, तेव्हा तो दरबारात उलगडला गेला. सोनेरी ड्रॅगन ढगांमधून असा झेपावत होता, की पुढचे सरदार नकळत मागे सरले. बादशहानं एका पंजाची नखं मोजली, मग दुसऱ्याची. चार. सगळीकडे चारच. त्याचा चेहरा खुलला आणि राजमातांचा उतरला. या बाईनं माझ्या लेकाला कमी लेखलं, असं म्हणून त्या उठूनच निघाल्या.

सूयिंगनं कपाळ जमिनीला टेकवलं. "आईसाहेब, आईनं लेकाला डोळ्यांनी मोजू नये. पंजाजवळच्या ढगावरून जरा हात फिरवा."

राजमातांनी हात फिरवला. ढगाच्या रेशमाखाली जाड सोनेरी कलाबतूनं भरलेलं काहीतरी टोकदार त्यांच्या बोटाला लागलं. दुसऱ्या पंजाजवळ चाचपलं, तिथंही. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"पाच आहेत!"

आता बादशहाचा चेहरा उतरला. हातातला पंखा मिटून तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे कायदा मोडला."

सूयिंगनं मान किंचित वर केली आणि बादशहाच्या उजवीकडे बघितलं. धाकटे राजपुत्र तिथं उभे होते, दरबारी रिवाजाप्रमाणे दोन्ही हात लांब बाह्यांत लपवून.

"हुजूर," ती म्हणाली, "धाकट्या सरकारांची बोटं मला इथून दिसत नाहीत. त्यांना बोटं नाहीत असं म्हणू?"

"बोटं आहेत. माझ्यासमोर ती झाकायची असतात."

"तेच तर या ड्रॅगननं केलंय. मालक थोरल्या भावापुढे बोटं झाकून उभा, आणि त्याच्या अंगावरच्या जनावरानं पाचही नखं दाखवावीत, हे बरं दिसलं असतं का?"

बादशहाच्या मिशा हलल्या. पण तोही आईचाच हट्टी मुलगा होता. त्यानं विचारलं, "आणि सरहद्दीवर गेल्यावर यानं हा ढग उसवला तर?"

"तर नख दिसेल, हुजूर," सूयिंग म्हणाली. "मान दिसणार नाही."

धाकट्या राजपुत्रांनी हात बाह्यांत कोपरापर्यंत आत ओढले. ते पाहून बादशहाला असं हसू फुटलं, की त्याच्या मुकुटावरचे मोती एकमेकांवर आपटू लागले. राजमाता हसल्या, मग राजपुत्रही. राजमातांनी तिथंच ताट मागवलं, आणि त्या ज्या वेगानं जेवल्या तो पाहून वैद्यांनाच काळजी वाटली.

बादशहानं सूयिंगला सूचौत कालव्याकाठी घर दिलं, मागे तुतीची बाग दिली, आणि आणखी काय हवं ते माग म्हणाला.

"एवढंच द्या, हुजूर," ती म्हणाली. "घरातलं पुढचं भांडण कुंभारांच्या कारखान्यात पाठवा."

बादशहा पुन्हा हसत सुटला, आणि तेही त्यानं दिलं.