आहेराचे गाठोडे

फार फार पूर्वी डोंगरांच्या पोटात चाळीस घरांचे एक गाव होते. त्या गावाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण चूक मोठ्यांची आहे.

गावाची जमीन उताराची. तिथे नाचणीशिवाय काही पिकत नसे. सगळे धान्य आणि सगळे बियाणे जमिनीखालच्या एकाच पेवात ठेवत. एका वर्षी पेवात पाणी शिरले. भिजलेले धान्य वाळवून खाता आले, पण ते उगवणार नव्हते. पेरायला गावात एक दाणा उरला नाही, आणि आसपासच्या गावांकडेही देण्याइतके बी नव्हते.

तीन महिन्यांच्या वाटेवर, एका उंच पठारावर, एक म्हातारी बियाणे राखून होती. ती बी फुकट देई. तिचा नियम मात्र कडक होता. एका गावाने एकच माणूस पाठवावा, त्याने एकदाच यावे, आणि आपल्या पाठीवर मावेल तेवढे बी न्यावे.

गावात एक निरोप्या होता. आसपासच्या गावांना पायी निरोप पोचवणे हे त्याचे काम. आठ पायल्या धान्य पाठीवर घेऊन तो न थांबता घाट चढे. आठ पायल्या बी म्हणजे चाळीस घरांची पेरणी. सगळ्यांनी त्याचेच नाव घेतले.

आता त्या गावाची रीत ऐका. कोणी दूर निघाला की प्रत्येक घराने त्याला कापडाचा आहेर करायचा. कोणी धोतर आणले, कोणी पागोटे, कोणी उपरणे, कोणी जाड डगला. एका विधवेने पेटीतून नवऱ्याचे कोरे पागोटे काढून दिले. निरोप्याने सगळे घेतले. गाठोडे त्याच्या कमरेएवढे झाले. त्याला ते बघून बरे वाटले.

निघायच्या दिवशी त्याचा मामा आला. मामा म्हातारा झाला होता. त्याच्या आधी गावाचा निरोप्या तोच होता. त्याने गाठोडे उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

"लग्नाला निघालास का रे?"

"मामा, गावानं मान दिलाय."

"मान घे, कापड ठेव. एक धोतर अंगावर, एक झोळीत, वर घोंगडी. बास."

"वाटेत कोणी मोठ्या माणसानं जेवायला बोलावलं तर?"

"जेव."

"थंडी पडली तर?"

"मग घोंगडी कशाला सांगतोय?"

"आणि धोतर फाटलं तर?"

"सुईदोरा घे."

निरोप्या चिडला. "मामा, तुम्हाला मानाचं काय कळणार? तुम्ही जन्मभर दोन धोतरांवर हिंडलात."

"म्हणून तर जन्मभर हिंडलो," मामा म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

निरोप्या निघाला. तीन महिने चालला. एक धोतर नेसायचा, दुसरे ओढ्यावर धुऊन वाळत घालायचा. दोन्ही त्याची स्वतःची, जुनी. आहेराच्या कपड्यांना त्याने हात लावला नाही. कोऱ्या कापडाची घडी चांगल्या प्रसंगी मोडायची, असे तो मनाशी म्हणे. तो प्रसंग काही आला नाही. पाऊस आला की तो घोंगडी गाठोड्यावर टाकी आणि स्वतः भिजे.

पठारावर म्हातारीने त्याला भाकरी दिली. मग बियाण्याच्या कणग्या दाखवल्या.

"भर बाबा. किती नेशील?"

निरोप्याने पोत्यात बी भरले. पोते पाठीवर घेतले, त्यावर गाठोडे ठेवले, आणि उठायला गेला. त्याला उठता येईना. त्याने थोडे बी काढले. तरी उठता येईना. पुन्हा काढले. पोत्यात तीन पायल्या उरल्या तेव्हा तो कसाबसा उभा राहिला.

म्हातारी बघत होती. "त्या गाठोड्यात काय आहे?"

"कपडे."

"नेसतोस का?"

"नाही. लोकांचा आहेर आहे."

"तो इथं ठेव. इथून उघडीवाघडी माणसं पुष्कळ जातात. त्यांच्या अंगाला लागेल. तू बी ने."

निरोप्याने गाठोड्याची गाठ सोडली. एकेक कापड हातात घेतले. हे पाटलाचे. हे टाकले तर पाटील काय म्हणेल? हे शेजाऱ्याचे. तो तर बोलणेच सोडेल. हे त्या विधवेचे. हे कसे टाकायचे? दुपार टळली. शेवटी त्याने एक धोतर काढून बाजूला ठेवले.

ते त्याचे स्वतःचे होते.

म्हातारीने मान हलवली. "गावात तोंड कसं दाखवू, याची काळजी करतोस ना? तीन पायल्या घेऊन कसं दाखवशील?"

"रिकामा तर जात नाही," निरोप्या म्हणाला. तो उठला आणि वाटेला लागला.

पेरणीला आठ दिवस असताना तो गावात पोचला. अंगावरचे एकच धोतर गुडघ्यापर्यंत फाटले होते. पाठीवर कोऱ्या कपड्यांचे गाठोडे होते. लोक धावत आले. पाटलाने पोते उचलले आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाकीचं मागं आहे का?"

"नाही पाटील. एवढंच."

मग निरोप्याने गाठोडे सोडले. कोणाचे काय ते त्याला अजून आठवत होते. त्याने ज्याचे त्याला परत दिले. एकाही कापडाची घडी मोडली नव्हती.

विधवेने पागोटे हातात घेतले. ती म्हणाली, "दादा, हे तू तिथं टाकून आला असतास, तर मी तुला दारात उभं करून ओवाळलं असतं."

चाळीस माणसांनी काय म्हटले असते ते निरोप्याने सहा महिने मनात ठरवले होते. विचारले एकालाही नव्हते.

तीन पायल्या बी पंधरा घरांना पुरणार होते. कोणाला द्यायचे ते ठरवायला पंचांनी खडे टाकले. पंधरा घरांना बी मिळाले. पंचवीस घरांनी पोटासाठी गाव सोडायचे ठरले. त्यांत विधवेचे घर होते. निरोप्याचेही होते.

निघायच्या सकाळी पंचवीस घरांची माणसे वेशीवर उभी राहिली. आणि राहणारी माणसे रीतीप्रमाणे आहेर घेऊन आली! हातात धोतरे, पागोटी, लुगडी.

मामा वाटेत आडवा उभा राहिला.

"हात मागे घ्या. दोष याच्या एकट्याचा नाही. यानं उचललं, पण लादलं आपण. अजून डोळे उघडले नाहीत का?"

माणसे जागच्या जागी थांबली. मामा विधवेजवळ गेला. तिच्या गाठोड्यातून त्याने जड पितळी घागर काढली. "ही माझ्याकडे राहू दे पोरी. कुठं राबून बी मिळव, ते घेऊन ये आणि घागर ने." मग बाकीचेही पुढे झाले. कोणी जाते उतरवून घेतले, कोणी पेटी, कोणी लग्नातला शालू. निघणाऱ्यांची पाठ हलकी झाली. ओझे घरी राहिले, आणि परत यायला कारण राहिले.

मामा शेवटी निरोप्याकडे आला. त्याच्याजवळ काढून घेण्यासारखे काही नव्हते. मामाने त्याच्या हातात सुईदोरा ठेवला.

"आता नेशील का?"

निरोप्याने तो कपाळाला लावला आणि मान खाली घालून घाट उतरला.

पुढे काही घरे बी घेऊन परतली. काही परतलीच नाहीत. विधवेची घागर मामाच्या घरात बरीच वर्षे पालथी घालून ठेवलेली होती. मामा गेल्यावरही ती कोणी वापरली नाही.

त्या गावात नंतर कोणी प्रवासाला निघाला की लोक रिकाम्या हाताने येत, आणि त्याच्या झोळीतली एक वस्तू काढून घेऊन जात.

बोध: दूरच्या वाटेला निघताना गरजेपुरतेच घ्यावे; लोक काय म्हणतील म्हणून उचललेले ओझे, ज्यासाठी निघालो त्याचीच जागा खाते.