शेवटच्या दिवसाचा भाव

नेरगडच्या राजवैद्यांनी पोटातल्या गाठीवर एक मात्रा शोधली आणि गावात नवाच पेच उभा राहिला. मात्रेने रोग बरा होत नव्हता. महिनाभर जगणारा माणूस चार महिने जगायचा, एवढंच. आणि रोजच्या एका मात्रेला खर्च यायचा दहा मोहरा.

राजवाड्याच्या स्वयंपाकघरात पापड लाटणाऱ्या गोजराबाईला तीच गाठ झाली. ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली आणि तिने मात्रा मागितली.

रणधीरराजे हट्टी. ते म्हणाले, "मरण टळत नाही, मग तीन महिने वाढवून तू करणार काय?"

"नवऱ्याला स्वयंपाक शिकवीन, महाराज. तीस वर्षं त्याला चुलीपाशी फिरकू दिलं नाही, माझाच तोरा. आता एका महिन्यात तो फार तर चूल फुंकायला शिकेल. भाकरी थापायला आणखी तीन तरी लागतील. माणूस गुणी आहे, शिकवणारीच कच्ची आहे."

दरबार हसला. राजे हसले नाहीत. "पापड लाटणारीचा एक दिवस दहा मोहरांचा असतो, हे उद्या सिद्ध कर. केलंस तर मात्रा तुझी. नाहीतर पुन्हा मागायची नाही."

घरी येऊन गोजराबाईने आपला दिवस मनात उलगडून पाहिला. सकाळी पोट धरून बसणं. मग पन्नास पापड, त्यातले दहा वेडेवाकडे. दुपारी डुलकी. संध्याकाळी मिठावरून नवऱ्याशी भांडण. असला दिवस कुणी फुकट दिला असता तरी आपण घेतला नसता, असं वाटून तिला स्वतःचंच हसू आलं. आणि ते हसू मध्येच थांबलं. घेतला नसता हे खरं, पण विकला असता का?

दुसऱ्या दिवशी राजांनी विचारलं, "झालं का सिद्ध?"

"मला कुठलं जमतंय, महाराज? पापड मोजतानाही माझे दोन चुकतात. मी आज खरेदीला आलेय. आपला एक दिवस विकत द्या."

"कुठला?"

"चांगला मला परवडायचा नाही. अगदी शेवटचा द्या. आपण शंभरी गाठलेली असेल, अंथरूण धरलेलं असेल. दात नाहीत, शिकार नाही, दरबार नाही. तसल्या दिवसाचा आपल्याला काय उपयोग? दहा मोहरा घ्या."

राजांनी हसून मान हलवली. "नाही."

"शंभर?"

"नाही."

"हजार?"

राजांनी शेजारी बसलेल्या राणीसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा आवाज जरा उतरला. "लाख दिल्यास तरी नाही. त्या दिवशी माझी माणसं उशाशी असतील."

गोजराबाईने हात जोडले. "माझ्याकडे आता सगळे तसलेच दिवस उरलेत, महाराज. आपण लाखाला दिला नाही, तो माल दरबाराला दहा मोहरांत पडतोय."

राजे असे हसले की त्यांना पागोटं सावरावं लागलं. "या बाईने माझ्याच तोंडून भाव काढून घेतला. वैद्यराज, हिला चार महिन्यांची मात्रा द्या."

"एकदम सगळी नको," गोजराबाई म्हणाली. "पंधरा दिवसांची द्या. चुलीपुढे बसता आलं तर पुढची नेईन. नुसतीच कण्हत पडून राहिले तर उरलेली दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"दुसऱ्याला त्याची वेगळी मिळेल," राजे म्हणाले. "नेरगडात ज्याला ही गाठ होईल त्याने मागावी, आणि राजवैद्यांनी द्यावी."

खजिनदार घाईने पुढे झाले. "महाराज, उद्या कुणीही उठून मागेल. कुणाचा दिवस किती मोलाचा, हे कोणी ठरवायचं?"

"तुम्हीच ठरवा की," राजे डोळे पुसत म्हणाले. "फक्त आधी तुमचा शेवटचा दिवस या बाईला विकून दाखवा."

खजिनदारांनी कमरेची किल्ली सोडली आणि ते खजिन्याकडे वळले.