पुढचं समालोचन वाघचौरेसाहेब करतील

जिल्हा संघाचे माजी कर्णधार उद्धवराव धायगुडे रेडिओवर समालोचन करत होते, तेवढ्यात समोरची नवी शेड प्रेक्षकांवर कोसळली. खेळाडू बॅटी टाकून तिकडे धावले. क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष वाघचौरे तावातावाने समालोचकांच्या खोलीत आले आणि माइकवर हात ठेवून म्हणाले, “शेडचं नाव काढायचं नाही. सामना रंगलाय, एवढंच सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

उद्धवरावांनी तो हात बाजूला केला आणि नेहमीच्याच सुरात ते बोलू लागले. “श्रोतेहो, मला मैदानात फक्त पत्र्याखालून काढलेली माणसं दिसताहेत. रंगलेला सामना अध्यक्षांना दिसतोय. ही शेड त्यांनीच बांधून घेतली. तेव्हा पुढचं समालोचन वाघचौरेसाहेब करतील.”

त्यांनी माइक अध्यक्षांपुढे सरकवला. त्यानंतर रेडिओवर बराच वेळ नुसत्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.