नऊ कुलपांचं घर

फार फार वर्षांपूर्वी, जगात कुलपं नुकतीच आली होती आणि चोर मात्र जुनेच होते, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाच्या नगरीत एक विणकर राहत होता. दोन वर्षं खपून त्यानं राजासाठी एक शेला विणला होता. येत्या दसऱ्याला भर दरबारात तो राजाच्या खांद्यावर घालायचा होता. विणकराचे डोळे आता अधू झाले होते. असा दुसरा शेला आपल्या हातून होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याला महिना उरला असताना शेजारच्या आळीत चोरी झाली. दोन हंडे आणि एक घंगाळ गेलं. ज्याचं गेलं त्यानं नवे हंडे घेतले आणि तो निवांत झोपू लागला. झोप उडाली ती विणकराची.

त्यानं घर भक्कम करायला घेतलं. गवंडी आले, त्यांनी खिडक्या बुजवल्या. सुतारांनी दार बदलून जाडजूड फळ्यांचं केलं. मग लोहार आला आणि त्यानं एकाच दाराला नऊ कुलपं बसवली. दहाव्यासाठी दारावर जागा उरली नाही, म्हणून काम थांबलं होतं. चौकटीवर कुठे बसतं का, याचा विचार चालू होता.

त्या आळीत एक दोरवाला होता. घरासमोर खुंट रोवून तो काथ्याचे दोर वळत असे. दोर वाढेल तसा मागे मागे सरकत तो आळीच्या टोकापर्यंत जाई. त्यामुळे आळीत शिरणारा प्रत्येक जण त्याच्या दोराशी अडे, आणि अडला की दोरवाला विचारी, "कोण म्हणायचं आपण? कुणाकडे निघालात? काम काय काढलंत?" एवढ्यावर भागलं नाही, तर मामाचं गावही विचारी.

लोहार वैतागला. विणकराला म्हणाला, "तुमच्या घरी यायचं म्हणजे रोज त्या बुवाला सगळी वंशावळ सांगावी लागते. दहाव्या कुलपाला दुसरा लोहार बघा."

विणकर तडक दोरवाल्याकडे गेला. "माझ्याकडे कोण येतं, कोण जातं, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"सवय हो, विणकरदादा. हाताला काम असतं, पण तोंड रिकामं."

"मग विडा चघळा. माझ्या माणसांना यापुढे हटकायचं नाही. उद्या तुम्ही गावभर सांगाल, विणकराच्या घरात काहीतरी मोलाचं आहे म्हणून."

"ते तर तुमचं दारच सांगतंय," दोरवाला म्हणाला. "पण बरं. तुमच्याकडे जाणाऱ्याला नाही विचारणार." आणि तो शब्दाला जागणारा माणूस होता.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी विणकराला राजवाड्यावरून बोलावणं आलं. शेला कोणत्या वेळी आणायचा, ते ठरवायचं होतं. त्यानं नऊ कुलपं लावली, एकेक ओढून पाहिलं आणि चाव्यांचा जुडगा कमरेला खोचून, त्या बाजूला किंचित कलून, तो निघाला.

तिसऱ्या प्रहरी तो परतला. नऊ कुलपं उघडेपर्यंत त्याला घाम फुटला. आत पाऊल टाकलं, तर लख्ख उजेड. खिडक्या बुजवल्यापासून त्याला घरात धड दिसत नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, आपले डोळे सुधारले.

मग त्यानं वर पाहिलं. छपराला माणूस उतरेल एवढं भोक होतं. शेल्याची पेटी उघडी होती आणि तिच्यात काही नव्हतं.

तो बाहेर धावला. "माझ्या घरी कोणी आलं होतं?"

"दोघं आले होते, शिडी घेऊन," दोरवाला म्हणाला. "वर चढून कौलं काढायला लागले. मला वाटलं, आता छपराला कुलूप बसवताय."

"आणि तुम्ही नुसतं बघत राहिलात?"

"विचारायचं अगदी तोंडावर आलं होतं, दादा. पण तुम्हाला शब्द दिलेला. जाताना गाठोडं बांधायला चार हात दोर मागितला. तुमची माणसं, म्हणून चांगल्यातला दिला."

विणकर कळवळून म्हणाला, "एका शब्दानं विचारलं असतंत, तरी ते पळाले असते."

"आधी विचारतच होतो की," दोरवाला हळूच म्हणाला. मग त्यानं हातातला दोर टाकला आणि आळीतल्या चार जणांना घेऊन तो वेशीकडे धावला. पण चोरांना निघून बराच वेळ झाला होता, आणि दोर मजबूत होता.

दसऱ्याला राजानं मागच्या वर्षीचाच शेला पांघरला. दरबारात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. विणकरानं पुन्हा मागावर ताणा चढवून पाहिला, पण तुटलेला धागा आणि सलग धागा त्याला सारखेच दिसू लागले होते. चार दिवसांनी त्यानं माग उतरवला.

यातून घ्यायचं ते एवढंच: शेजाऱ्याची नजर ज्यानं आपल्या घरावरून हटवली, त्यानं कितीही कुलपं लावली तरी त्याचं घर उघडंच राहतं.